एकही खाडा नाही

हिशेबच मांडायचा तर उत्तरेश्वरला या कामात मिळणार होतं ते काही थोडं नव्हतं. मोरगव्हाणच्या सोसायटीला पंच्याहत्तर वर्षं होत होती, गावाच्या इतिहासाची स्मरणिका निघणार होती आणि तिच्या आतल्या पानावर 'संकलन' या शब्दापुढं त्याचं नाव छापून येणार होतं, आडनावासकट. सव्वीस जानेवारीला तळ्याच्या भिंतीवर मंडप पडेल, त्यात पहिल्या रांगेतली खुर्ची, शाल, नारळ, आणि फेटा बांधायला बीडहून आणलेला माणूस. सदतीस वर्षं तहसिलात त्यानं मंडपाखालच्या सतरंज्या तेवढ्या मोजून घेतल्या होत्या. बायको सरस्वतीबाई त्याला आता प्रथमच मंडपात बसलेला बघणार होती. ही झाली उघड जमा. न बोलायची जमा निराळी होती. गावाच्या दप्तरातलं काय ठेवायचं आणि काय वाळवीचं म्हणून बाजूला काढायचं हे ठरवणारा तोच होता, त्यामुळं पेन्सिलीनं लिहिलेली एक लहान वही कधी कुणी मागण्याचा प्रश्न येणार नव्हता. खर्चाच्या बाजूला त्यानं काहीच धरलं नाही. सगळी हयात कारकुनी केलेल्या माणसानं एक बाजू कोरी ठेवून खाली रेघ मारू नये, पण सत्काराचं नाव निघालं की भले भले मारतात.

ती रेघ पुसली गेली बँकेत, दिवाळीनंतरच्या एका सकाळी आणि अगदी किरकोळ कारणानं. पेन्शनवाल्यांनी वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं दाखवायचं असतं. आजवर त्यासाठी फॉर्मवर सही चालायची. यंदा काचेची एक डबी आली होती. तीवर अंगठा ठेवला की आत तांबडा उजेड लागायचा आणि कुठंतरी लांब कळायचं की माणूस आहे. त्याच्या पुढं धोंडीराम होता, पाटबंधाऱ्यातला निवृत्त चौकीदार, दोन्ही कानांनी ठार बहिरा. तो एका दमात जिवंत निघाला. उत्तरेश्वरचा अंगठा मात्र डबी घेईना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, कोरडा करा. त्यानं धोतराला पुसला. मग म्हणाली, काका, केसांवरून फिरवा, जरा तेल लागलं की येतो. केस नव्हते म्हणून त्यानं नाकावरून फिरवला. पाठीमागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तांबडा उजेड लागला आणि विझला. "आयुष्यभर कागद उलटले ना काका, रेघा झिजतात," मुलगी मायेनं म्हणाली, "काळजी करू नका, मी हातानं लिहून घेते. हे काका साक्षीला सही करतील." तेव्हा कशाला सही करतो आहोत हे ऐकू न आलेल्या धोंडीरामच्या साक्षीवर उत्तरेश्वर आणखी एक वर्ष जिवंत ठरला, आणि पायरीवर येऊन स्वतःचा अंगठा उन्हात धरून बघत उभा राहिला.

अंगठ्यात बघण्यासारखं काही नव्हतं. नखाशी जुन्या शाईची निळसर कड होती, ती आता कातडीचाच रंग झाली होती. पण त्याच्या कानात एक आवाज उठला, बारीक, नाकातून आलेला, बेचाळीस वर्षांपूर्वीचा: हाय. एवढंच. हजेरीला नाव पुकारल्यावर उत्तर द्यायचं तसं. रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला, त्याच्या मागच्या तोटीतून धार गळत होती आणि दोन बाया चालत्या टँकरखाली घागर धरून पळत होत्या. हे त्याला दिसत होतं, तरी ऐकू येत होतं ते तेवढंच. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. मोरगव्हाणच्या माळावर सरकारनं तळ्याचं काम काढलेलं, सहाशेवर माणसं, आणि वीस वर्षांचा उत्तरेश्वर मस्टर कारकून, कारण गावात ज्याचं अक्षर वळणदार त्याला सावलीत बसायला मिळायचं. सकाळी टेकाडावर उभं राहून नावं पुकारायची आणि पेन्सिलीनं कच्च्या वहीत मांडायची. संध्याकाळी सोसायटीच्या खोलीत बसून तेच शाईनं पक्क्या मस्टरात उतरवायचं. धान्य सोसायटीच्या दुकानातून मिळे, तांबडा मिलो, म्हणून पक्क्याची एक नक्कल सोसायटीतच राही आणि तिच्यावर आठवड्याच्या आठवड्याला धान्य पोचल्याचा अंगठा घ्यावा लागे. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या सेक्रेटरीनं त्याला शिकवलं होतं: बाप्याचा डावा, बाईचा उजवा. अंगठा आपण धरायचा, त्यांना दाबू द्यायचा नाही, डावीकडून उजवीकडं हळू लोळवायचा. त्याला ते लवकर जमलं. माणसांचे चेहरे त्याच्या लक्षात राहात नसत, अंगठे राहात. कुणाचा भाजलेला, कुणाचा चिरलेला, कुणाचा नव्या नवरीचा, हळदीनं शाईला हिरवी झाक आणणारा.

साखराबाईच्या उजव्या अंगठ्यावर आडवा व्रण होता. आश्रुबाची ती बायको. चालताना पुढं वाकून चालायची, जणू टोपलं उतरवल्यावरही डोक्यावर आहेच. काम सुरू झाल्यापासून तिनं एक दिवस खाडा केला नव्हता. खाडा केला की त्या दिवसाचं धान्य गेलं, म्हणून ताप अंगावर काढून बाया येत. पण साखराबाईला ताप येत नसावा, किंवा आलेला कळत नसावा. चैत्र संपता संपता, एका मंगळवारी, भाकरीच्या सुट्टीत, मुरमाच्या खाणीत जिथं कपार आत गेली होती तिथं ती सावलीला म्हणून बसली. त्या माळावर सावली तेवढीच होती. कपार खाली आली. आवाजसुद्धा मोठा झाला नाही, पोतं खाली टाकावं तसा झाला. तिला बाहेर काढलं तेव्हा तोंडात माती होती आणि हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. सोसायटीचे चेअरमन रामकिसन आण्णा घोड्यावरून आले. त्यांनी कुणाला दरडावलं नाही, हे उत्तरेश्वरला पुढं कैक वेळा आठवलं. दरडावलं असतं तर बरं झालं असतं. ते खाली बसले, आश्रुबाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "आश्रुबा, वर कळलं तर चौकशी लागंल. काम बंद पडंल. सहाशे माणसं घरी बसतील. तू म्हणशील तसं करू." आश्रुबानं सहाशे माणसांकडं बघितलं. तीही त्याच्याकडंच बघत होती. ऊन उतरायच्या आत नदीच्या कोरड्या पात्रात सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेश्वर नावं पुकारत होता आणि जीभ सवयीनं पुढं गेली: साखराबाई आश्रुबा. म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. ओळीत तिच्या जागी तिची पोरगी उभी होती, बायना, दहा वर्षांची, आईचं टोपलं घेऊन, आईचीच चुंबळ डोक्यावर. ती म्हणाली, "हाय." दहा वर्षांच्या पोरीचं नाव मस्टरवर घेता येत नव्हतं. आईचं नाव खोडलं असतं तर त्या घरात मिलो गेला नसता. घरात पोरीच्या पाठचा भाऊ होता. उत्तरेश्वरनं कच्च्या वहीत मंगळवारच्या चौकोनात फुली मारली, पुढच्या चौकोनात बारीक अक्षरात 'पोरगी' लिहिलं, आणि संध्याकाळी पक्क्यात साखराबाईपुढं हजेरी मांडली. काम संपेपर्यंत एकवीस दिवस. तीन आठवडे, तीन अंगठे. पोरीचा उजवा अंगठा तो हळू लोळवायचा, ती शाईकडं टक लावून बघायची. आपण कुणावर तरी उपकार करतो आहोत असं त्याला तेव्हा वाटलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पावसाळ्यात आण्णांनी तहसिलात चिठ्ठी दिली: मुलगा विश्वासू आहे, मस्टर स्वच्छ ठेवतो. त्या चिठ्ठीवर नोकरी लागली, नोकरीवर लग्न झालं, बीडला धानोरा रोडला दोन खोल्या झाल्या. कच्ची वही मात्र त्यानं दिली नाही, फाडलीही नाही. पत्र्याच्या पेटीत लग्नपत्रिकेखाली ती राहिली. कावून ठेवली, कशाला, असं सरस्वतीबाईनं एकदा विचारलं होतं. "असू दे," तो म्हणाला होता.

आणि बेचाळीस वर्षांनी, यंदा दसऱ्याच्या आधी, त्यानं स्वतःच्या हातानं जे केलं ते कारकुनाशिवाय दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. सोसायटीची जुनी खोली पाडायची म्हणून दप्तराचे सात बस्ते, लाल कापडात बांधलेले, विठ्ठलरावांच्या जीपमधून त्याच्या घरी आले होते. विठ्ठलराव म्हणजे आण्णांचा मुलगा, आताचा चेअरमन, उत्तरेश्वरचा शाळेतला जोडीदार. पंधरा दिवस उत्तरेश्वर सुखात होता. निजामाच्या वक्ताचे उर्दू शिक्के, मोडीतली सभासदांची नावं, एका सभेत दोन पानं भरून झालेला वाद की सोसायटीच्या घड्याळाला चावी कुणी द्यायची, आणि शेवटी ठराव की घड्याळ बंद ठेवावं. कोण कुणाला जामीन राहिला आणि पुढच्या साली त्याच्याशी बोलेनासा झाला हे कागदावरून त्याला असं दिसायचं की तो एकटाच हसायचा. सरस्वतीबाई म्हणायची, "मेलेल्यांच्या भानगडीत लई रमता तुमी. जित्त्यांचा फोन उचलत न्हाईत." पाचवा बस्ता दुष्काळाचा होता. विठ्ठलरावांची कल्पना अशी की तळ्यावर दगड बसवायचा आणि ज्यांनी काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत एकही खाडा केला नाही त्यांची नावं कोरायची. काढ बे यादी, ते म्हणाले. त्यानं काढली. एका दुपारी, बोटाला थुंकी लावून, चौकोनामागून चौकोन बघत एक्केचाळीस नावं झाली, आणि अठ्ठाविसाव्या नंबरला त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं: साखराबाई आश्रुबा. लिहिताना हात थांबला नाही. सगळा जन्म तो कागद बघून लिहीत आला होता. माणूस बघून लिहायची सवयच कुणी लावली नव्हती. यादी गेली, सोसायटीच्या सभेत वाचली गेली, मंजूर झाली. दगडावर दप्तरात असेल तेवढंच येईल हा ठरावही त्यानंच लिहून दिला होता, पुढं तंटे नकोत म्हणून.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दारात एक बाई उभी राहिली. बावन्न-पंचावन्नची, काळीशार, पुढं वाकून उभी. त्यानं ओळखलं ते त्या वाकण्यावरून, आणि ओळख न दाखवण्याइतका तो शहाणा होता. "मस्टरदादा, वळखलं न्हाई व्हय? बायना मी. आश्रुबाची." सरस्वतीबाईनं अर्धा तांब्या पाणी आणलं, टँकर दोन दिवस आला नव्हता. बायनाबाईनं ते वरून प्यायलं, थेंब सांडला नाही. ती गेवराईकडं दिली होती, दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचं, भावाकडं सणाला आली तेव्हा यादीचं कानावर आलं.

"दगडावर मायचं नाव येणार म्हणले. बरं वाटलं आधी. मंग म्हणले, शेवटपर्यंत कामावर व्हती असं येणार."

"कागदात तसं आहे," उत्तरेश्वर म्हणाला.

"कागदात हायच की. त्येच तर भोगते. माझं लगीन झाल्याव सासऱ्यानं सोसायटीत माणूस धाडलाता, इहीण मेली कशानं बघून ये म्हणून. तवाच्या सिक्रेटरीनं कागद काढला. कागदावर माय शेवटच्या दिसापत्तूर कामावर, अंगठ्यासकट. मंग मेली कवा? बापाला इच्यारलं, तर तो खाली बघायचा, गाव बी गप; माझं कोण ऐकतंय. मंग त्येंनीच ठरीवलं, काम संपलं आन बाई कुणासंगं तरी गेली." तिनं तांब्या खाली ठेवला. "पस्तीस वर्सं झाली दादा. भाकर करपली तरी पळून गेलेलीची. पोरगं उलट बोललं तरी पळून गेलेलीची. आता नातीची सोयरीक आली, तितं बी त्येच निघालं."

सरस्वतीबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. उत्तरेश्वर बस्त्याच्या गाठीकडं बघत राहिला.

"कामावर मेली, एवढं ल्ह्या. बाकी काय नगं. तुमी व्हते तितं. मीबी व्हते. माय गेल्याव मी टोपलं उचलायचे. तुमी मला शाई लावायचे, मला लई आवडायचं. पुसूच वाटायची न्हाई, झोपताना वास घ्यायचे."

तिला माहीत नव्हतं. शाई आठवत होती, पण शाई कुणाच्या नावापुढं लागली ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. आता, याच घडीला. त्यानं तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडला तो सदतीस वर्षं तहसिलाच्या खिडकीतून बाहेर पडत आलेला शब्द. "बघतो," तो म्हणाला. ती गेल्यावर सरस्वतीबाईनं विचारलं, "ती वही तिचीच का हो?" त्यानं बस्त्याची गाठ आवळली, आणि त्या दिवसापासून ती त्याच्या सत्काराला नेसायच्या साडीबद्दल बोलेनाशी झाली.

दिवाळीच्या त्या दिवसांत तो काहीच न करता बसून राहिला, आणि मग बँकेतली ती डबी. पायरीवरून घरी जाताना त्याला वाटलं, सापडलं. आपला अंगठा झिजला, पण कागदावरचा झिजत नाही. घरी पोचताच त्यानं भिंग काढलं आणि पाचवा बस्ता सोडला. काम सुरू झाल्यापासूनचे साखराबाईचे अंगठे रुंद, आडव्या व्रणाचे; आणि शेवटचे तीन लहान, स्वच्छ, मधोमध एक चक्र, पाण्यात खडा टाकल्यावर उठावं तसं. रेघ न् रेघ मोजता यावी. ते चक्र बायनाच्या उजव्या अंगठ्यावर अजून असणारच. माणसाचं सगळं बदलतं, हे बदलत नाही, असं कोर्टातसुद्धा मानतात. त्याला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली. आनंद बायनासाठी होता की आपल्या कागदातच उतारा सापडला याचा, हे त्यानं तपासलं नाही.

चौसाळ्याला उतरून तो मोरगव्हाणला गेला तेव्हा विठ्ठलराव ओट्यावर शेंगा फोडत बसले होते.

"आलास बे. बस. फेट्याचा रंग इच्यारायला आलास का?"

"विठ्ठल, दगडावरची एक ओळ बदलायची आहे. साखराबाई."

शेंग फुटली, दाणे तळहातावर आले, ते तोंडात गेले नाहीत. "कावून?"

"ती कामावर मेली. तुला माहीत आहे."

"मला म्हाईत हाय. मी पाणी वाटायला व्हतो. तिच्याजवळचं लोटकं मीच उचललं." विठ्ठलरावांनी तळहातावरचे दाणे परत शेंगांत टाकले. "आता माझ्या म्हाईतीवर दगड कोरायचा व्हय? उद्या धा जणं येतील, माझा बा बी तितंच गेला म्हणत. दप्तरात आसंल त्येच, हा ठराव कुणी लिवला बे?"

उत्तरेश्वरनं पेन्सिलीची वही पुढं केली. विठ्ठलरावांनी ती हात लांब करून वाचली. चष्मा आत होता, आणि आणायला सांगावा असं त्यांना वाटलं नाही. "फुली. पोरगी," ते म्हणाले. "बेचाळीस वर्सं संबाळलीस. सरकारी माणूस खरा तू. पण हे बघ, ही वही खरी म्हणली तर पक्कं मस्टर खोटं. खोटं मस्टर लिवणारा तू, लिवायला लावणारा आण्णा. म्हंजी मंडप माझा, आन त्यात माझ्या बापाचं आन तुझं नाव एका दमात मातीत. तुझी नोकरी बी त्या मस्टराच्या चिठ्ठीवरच हाय, इसरलास का?"

विठ्ठलराव वाईट माणूस नव्हते, हीच पंचाईत होती. वाईट असते तर त्यांच्यावर रागावून घरी जाता आलं असतं. उत्तरेश्वरनं मग ते तीन अंगठे दाखवले, भिंग दिलं, चक्र दाखवलं.

"आरं, अंगठा जोरात दाबला की मोठा, हलका दाबला की बारका."

"मी दाबू देत नव्हतो. मी लोळवायचो. हे तीन बायनाचे आहेत. जुळवून दाखवतो."

विठ्ठलरावांनी त्याच्याकडं नीट बघितलं, शाळेत असताना बघायचे तसं. "दाखव," ते म्हणाले. "रेघ न् रेघ जुळली तर मी पाथरवटाला सांगतो, साखराबाई आश्रुबा, कामावर वारली, तारीख घाल. आण्णाचं काय व्हईल ते व्हईल. शब्द हाय. पण पाथरवट सोमवारी बसतोय."

रविवारी दुपारी, बायनाच्या भावानं सांगितलं होतं तसा, तिच्या ऊसतोडीच्या टोळीचा गेवराईहून आलेला ट्रक चौसाळ्याच्या फाट्यावर उभा होता. अंथरुणं, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्यांचं डालगं, दोन शेरडं, गोणपाटात गुंडाळलेले कोयते. उत्तरेश्वर शाईचा पॅड, कोरे कागद आणि मस्टराची ती अंगठ्यांची नक्कल पिशवीत घेऊन बसमधून उतरला तेव्हा वर चढलेल्या बायांपैकी एक म्हणाली, "बायनाबाई, तुमचं वारंट आलं बगा." बायनाबाई हसत खाली उतरली. हसणं तिच्या चेहऱ्यावर असतानाच सांगावं लागलं.

"बायना, आई गेल्यावर तीन आठवडे मी तुला शाई लावली. ती कुणाच्या नावापुढं, ठाऊक आहे?"

"माझ्या."

"तुझं नाव मस्टरवर नव्हतंच. दहा वर्षांच्या पोरीचं घेता येत नव्हतं."

"मंग कुणाच्या?"

त्यानं कागद उघडला आणि बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण बघता येत होतं. ती खाली वाकली, आणखी वाकली, आणि त्या लहानशा निळ्या ठशाला तिनं बोटाचं टोक लावलं. "ह्यो माझा? केवढुसा व्हता." ट्रकच्या टपावरून कुणीतरी कळशी मागत होतं. "म्हंजी सासऱ्याच्या माणसानं बघितला तो कागद ह्योच. मायला जित्ती ठिवली ती मीच."

"मी ठेवली," उत्तरेश्वर म्हणाला. "तू लहान होतीस. घरी धान्य जावं म्हणून."

"अंगठा कुणाचा हाय?" तिनं विचारलं. रागानं नाही, खरोखर विचारलं.

त्यानं पॅड उघडला. पानटपरीच्या फळीवर कागद ठेवला, तिचा उजवा अंगठा धरला, पूर्वीसारखाच डावीकडून उजवीकडं हळू लोळवला आणि उचलला. कागदावर एक काळा डाग उठला. गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखा. शाई जास्त झाली असेल म्हणून त्यानं तो अंगठा पुसून परत घेतला. मग रॉकेलचा बोळा फिरवून घेतला. मग शाई अगदी कमी लावून. चारी वेळा तोच डाग, रेघेचा पत्ता नाही. त्यानं तिचा अंगठा उलटा करून भिंग धरलं. पस्तीस हंगाम कोयत्याची मूठ त्यावर घासली गेली होती. कातडी नव्हतीच ती, लाकूड होतं.

"आधारच्या वक्ती बी आसंच झालतं," ती त्याला समजावत म्हणाली. "यंत्र म्हणतंय बाईच न्हाई." तिनं दुसरा हात पुढं केला. "ह्यो घ्या की. ऊस डाव्यानं धरायचा, कोयता उजव्यानं. ह्यो चांगला हाय."

चांगला होता. भिंगाखाली रेघा होत्या, चक्रसुद्धा होतं, मधोमध, पाण्यात खडा टाकल्यासारखं. तो ते बघत राहिला. डाव्याचं चक्र उजव्याशी जुळत नाही, हे विठ्ठलरावांनाही कळलं असतं.

"बाईचा उजवा असतो," तो म्हणाला.

"कुणी ठरीवलं?"

त्याला माहीत नव्हतं. म्हाताऱ्या सेक्रेटरीनं सांगितलं होतं, त्याला आणखी कुणी सांगितलं असेल. त्या उन्हाळ्यात एका पोरीचा डावा अंगठा घेतला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं, हे त्याला कितीही विचार केला तरी सांगता आलं नसतं. पण घेतला नसता. पुन्हा तो उन्हाळा आला तरी घेतला नसता. त्यानं पॅड मिटला. मुकादमानं हॉर्न वाजवला.

"सोमवारी कोरणार म्हणले," बायनाबाई साडीच्या पदराला अंगठा पुसत म्हणाली. शाई निघाली नाही. "काय कोरणार?"

"एकही खाडा नाही," त्यानं सांगितलं.

"खरंच हाय की," ती म्हणाली. "म्या एक बी खाडा केला न्हाई." आणि फाळक्याला धरून, पुढं वाकून, वर चढली. ट्रक वळताना ती अंगठा नाकापाशी नेताना दिसली, किंवा नसेलही. धूळ फार होती.

सव्वीस जानेवारीला सगळं ठरल्यासारखं झालं. तळं कोरडं होतं म्हणून मंडप भिंतीवर न घालता पोटातच घातला, सावलीला बरं पडलं. दगड काळा, अक्षरं पांढरी, एक्केचाळीस नावं, अठ्ठाविसावं साखराबाईचं. नावं वाचताना विठ्ठलरावांनी त्या नावापाशी येऊन क्षणभर नजर उतरवली आणि पुढचं नाव वाचलं. उत्तरेश्वरला फेटा बांधला गेला, शाल मिळाली, नारळ मिळाला. सरस्वतीबाई अंग दुखतंय म्हणून आली नव्हती, पहिल्या रांगेत त्याच्याशेजारची खुर्ची मोकळी होती. पेन्सिलीची वही पेटीत परत गेली. आणि भाषणं चालू असताना, सवय जात नाही म्हणून, तो मनात आकडे मांडत राहिला. सहाशे माणसांना काम मिळालं. आण्णांना तळं मिळालं, विठ्ठलरावांना दगड. त्याला सदतीस वर्षं नोकरी आणि बहिऱ्याच्या साक्षीवर एक वर्षाची हयात. आश्रुबाच्या घरात एकवीस दिवस मिलो गेला. जमेची बाजू भरून वाहत होती. दुसऱ्या बाजूला त्यानं आजवर कोरी ठेवलेली जागा भरायला एकच नाव पुरेसं होतं, आणि ते दगडावर नव्हतं. साखराबाईचा एकच खाडा झाला होता, मंगळवारचा. तो तिच्या पोरीनं दहाव्या वर्षी भरायला घेतला, आणि त्या दिवशीही, सगळ्या देशाला सुट्टी असताना, कुठल्याशा उसाच्या फडात ती कामावर हजर होती.